लाखोळीच्या वड्यांना तीन पाळ्या पाणी

ज्या घरात पुरुष स्वतः तळणाला उभा राहतो, त्या घराची प्रगती कोणी रोखू शकत नाही. हे मी कुठे वाचलेलं नाही. आमगावात, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात डोळ्यांनी पाहिलं आहे, तेव्हा उगाच वाद घालू नये.

ते घर जागेश्वर लंजे यांचं. कालव्याचं पाणी वाटणाऱ्या एका कचेरीत ते वरिष्ठ लिपिक, आणि मी त्याच कचेरीत एक टेबल सोडून. त्यांच्या पत्नी पुष्पांजलीवहिनी सतरा वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहेत. एका रविवारी दुपारी दोन वाजता गोंदियात त्यांची पर्यवेक्षिकापदाची लेखी परीक्षा होती. वयाच्या अटीमुळे संधी शेवटची. साडेअकराच्या रेल्वेगाडीने निघायचं आणि दीडच्या आत केंद्रात शिरायचं, कारण दीडला दार बंद होणार होतं.

परीक्षा वहिनींची असली तरी जबाबदारीची जाणीव जागेश्वररावांना झाली. शनिवारी त्यांनी जाहीर केलं, "उद्या तू सैपाकघरात पायच ठेवू नको. लाखोळीचे वडे मी करतो. तू बिनफिकीर जाय." (वडे कोणी मागितले नव्हते. पण लाभार्थ्यांना विचारून योजना आखायची म्हटली तर एकही योजना पूर्ण होणार नाही.) साक्षीदार म्हणून त्यांनी कचेरीतल्या आम्हा चौघांना बोलावलं. लाखोळी ही धानामागून त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात येणारी आमच्याकडची डाळ. तिच्या वड्यांपुढे हरभरा डाळीचे वडे म्हणजे नुसती खानापूर्ती.

पुरुषाने कोणाचीही मदत न घेता वडे करायचे तर थोडी पूर्वतयारी लागते. डाळ निवडून आदल्या रात्री भिजत घातलेली असावी (वहिनी). सकाळी ती जाडसर वाटलेली असावी (वहिनीच; मिक्सरचं भांडं बसवणं जागेश्वररावांच्या कार्यकक्षेत येत नाही). लसूण, हिरवी मिरची, जिरं कुटलेलं, सांभार म्हणजे कोथिंबीर धुऊन चिरलेली, कढई माळ्यावरून उतरवून घासलेली. एवढं झालं की पुढचं सगळं त्यांनी एकट्याने केलं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

सव्वानऊ ते साडेदहा या काळात वहिनींना एकंदर तेवीस वेळा हाक मारण्यात आली. नऊ वेळा मिठासाठी, सहा वेळा झाऱ्यासाठी, सात वेळा गॅस मोठा ठेवायचा की बारीक हे विचारण्यासाठी, आणि एकदा त्या घरात आहेत ना याची खात्री करण्यासाठी. उरलेला सगळा वेळ त्यांना अभ्यासाला मोकळा होता.

मग पिठाची पाहणी झाली. ते कोरडं असल्याचा अभिप्राय पडला. वड्याचं पीठ घट्टच असतं, असं आमच्यातला मंगरू पुटपुटला, पण तो शिपाई असल्याने त्याचं म्हणणं विचारात घेता आलं नाही. आम्ही कालव्याची माणसं. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचलं पाहिजे, असं आम्ही उभ्या नोकरीत कागदावर लिहीत आलो. खरोखर पोचवायची संधी पहिल्यांदाच हाती आली होती. जागेश्वररावांनी पातेल्यात तीन पाळ्यांमध्ये पाणी सोडलं, आणि तळापर्यंत पोचल्याचं आम्ही वाकून प्रमाणित केलं. त्यानंतर पहिला वडा तेलात सोडला. तो चहूकडे पसरला आणि वडा म्हणून दाखवता येईल असं काही उरलं नाही.

अकराला पाच कमी असताना वहिनी दारात आल्या. इस्त्रीची साडी, हातात प्रवेशपत्राची फाइल. "जातो मी," म्हणाल्या.

"एवढं पीठ पाहून जाय न," जागेश्वरराव म्हणाले. "पाच मिनिटाचं काम हाय."

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. आम्ही चौघं ताटल्या घेऊन बसलो होतो. अशा वेळी उठून जाणं हा अन्नाचा अपमान झाला असता, म्हणून कोणी उठलं नाही. फाइल फ्रिजवर ठेवून त्यांनी तांदळाचं पीठ घातलं, हाताने कालवून गोळा सावरला. तेल उडत होतं म्हणून पहिला घाणा त्यांनीच काढला. पाहुणे चार होते म्हणून दुसराही. तिसऱ्या घाण्याला गाडीचा भोंगा स्वयंपाकघरात ऐकू आला. नशीब असं की गाडी नेमकी त्या दिवशी वेळेवर होती.

वहिनी साडेबाराच्या बसने गेल्या. वडे फार उत्तम झाले. जागेश्वररावांचा झाऱ्यासह फोटो कचेरीच्या ग्रुपवर गेला आणि संध्याकाळपर्यंत त्याला सत्याऐंशी अंगठे मिळाले. ग्रुपमध्ये माणसं एकसष्टच आहेत, यावरून उत्साहाची कल्पना यावी.

चार वाजता वहिनी परतल्या, तेव्हा आम्ही तिथेच होतो. त्यांच्यासाठी पाच वडे आठवणीने झाकून ठेवले होते. त्या खाली बसल्या.

"पंधरा मिनिटं उशीर झाला जी," त्या म्हणाल्या. "दारावरचा मानूस म्हने, काऊन उशीर केला बाई? मी का सांगू त्याले? वडे करून राहिलो होतो म्हनून?"

सतरा वर्षांची मेहनत अशी गेली. मला खरंच वाईट वाटलं. जागेश्वररावांना तर फारच लागलं. "तुह्याचसाठी केलं होतं न सगळं," असं ते तीन वेळा म्हणाले. शेवटी वहिनींनाच त्यांची समजूत काढावी लागली, आणि सगळ्यांसाठी चहा ठेवावा लागला.

हे वाचून तुम्हाला जागेश्वररावांचा संताप आला असेल. यायलाच पाहिजे. एवढ्यात आतून तुमचाही कप आला असेल, तो घ्या. आणणारीला आज कुठे जायचं होतं का, ते चहा पिऊन झाल्यावर विचारता येईल.