सर्जेरावांनी कपाळावर काढलेले पाय

एका जंगलात, जिथे झाडांपेक्षा समित्या जास्त होत्या, एक फणस पडून सडत होता. नाक मुरडू नका मुलांनो, गोष्ट तिथूनच सुरू होते. त्या फणसावर एका फळमाशीने अंडं घातलं. अंड्याच्या एका टोकाला ‘डोकं इकडे’ अशी खूण करून ती उडून गेली. आईपण संपलं.

अंड्यात लगेच कामाला सुरुवात झाली. आधी डोकं, छाती, पोट असे मोठे भाग पाडले. मग त्यांचे बारीक पट्टे पाडले. मग प्रत्येक पट्ट्यावर मुकादम नेमले. हे मुकादम म्हणजे जनुकं बरं का! काही जनुकं राबतात आणि काही हुकूम सोडतात. मुकादम काडी इकडची तिकडे करत नाही. तो फक्त म्हणतो, हे चालू करा, ते बंद करा. एवढ्यावर अख्खी माशी तयार होते. तुम्हाला खोटं वाटत असेल तर कुठल्याही कचेरीत जाऊन पाहा.

धुरपा राबणाऱ्या जनुकांतली. तिचा पट्टा कपाळाचा. तिथे माशीला मिशा येतात आणि त्या मिशांनीच ती वास घेते. वास आला तर फळ सापडतं. नाही आला तर उपास.

छातीच्या पट्ट्यावर सर्जेराव मुकादम होते. त्यांना एकच हुकूम येत असे : ‘पाय काढा.’ तो हुकूम ते झोकात सोडत. पण आपली लायकी डोक्यात बसायची आहे, असं त्यांना वाटू लागलं होतं. कुठून तरी वशिला लागला आणि कपाळाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे आला.

सर्जेराव आले, खाकरले आणि म्हणाले, “पाय काढा.”

धुरपा हातातलं काम टाकून पुढे आली. “मालक, हे कपाळ हाय. हितं मिशा येत्यात.”

“मुकादम कोण? तू का मी?”

“तुमीच. पण पोरीला वास न्हाई आला तर खाईल काय? उपाशी मरंल की वो!”

“आजवर माझा एक तरी पाय चुकला का?”

“छातीत न्हाई चुकला, मालक.”

“मग झालं तर!”

अंड्यातली रीतच तशी. हुकूम कोणाचा ते पाहायचं, जागा कुठली ते पाहायचं नाही. धुरपाने रडत रडत पाय काढायला घेतले. आणि वाईट याचं वाटतं, की पाय सुरेख झाले. सांधे, केस, नख्या, कशात म्हणून खोट नव्हती.

अंड्यातून अळी निघाली, अळीचा कोश झाला, आणि दहाव्या दिवशी माशी बाहेर आली. सहा पाय खाली, दोन कपाळावर. वीतभर अंतरावर केळं पिकलं होतं आणि तिला पत्ता नव्हता.

“उजवीकडं वळ गं बाई!” धुरपा आतून ओरडत होती. पण जनुकांचं ओरडणं माशीला ऐकू जात नाही.

तेवढ्यात घुबडशास्त्री भिंग लावून आले. त्यांनी पाय मोजले, पुन्हा मोजले आणि टुणकन उडी मारली. माशीची रवानगी बाटलीत झाली. रोज मक्याच्या पिठाची गोड लापशी सुरू झाली. त्याच फणसावरच्या दुसऱ्या अंड्यांतून निघालेल्या तिच्या मिशाळ बहिणींना मात्र केळ्याचा वास बरोबर आला. त्या केळ्यावर पोचल्या आणि तिथे बसलेल्या सरड्याने त्यांचा फराळ केला.

मग समिती बसली. हा प्रताप कोणाचा ते तिने शोधून काढलं. सर्जेरावांचं नाव मोठ्या अक्षरांत ग्रंथात गेलं. ज्या मुकादमांनी त्याच माशीचे पंख, डोळे आणि पोट बिनचूक करवून घेतलं होतं, त्यांच्यासाठी समितीने एक शब्द खर्च केला : ‘इतर.’

शास्त्रीबुवांनी बाटलीतच माशीचं लग्न लावून दिलं. तिने अंडी घातली. त्यांत वारशाने सर्जेराव आले आणि धुरपाही आली.

या वेळी सर्जेराव खाकरायच्या आत धुरपाने पाय काढून ठेवले होते.

तात्पर्य : मुलांनो, जागच्या जागी चोख काम करणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. म्हणून चुकायचंच असेल, तर आडोशाला चुकू नका. सरळ कपाळावर चुका.