खालचा आकडा

पुण्याहून मुलीनं पाठवलेली डबी जेवण झाल्यावर निवांत उघडू, असं दत्तरावांनी ठरवलं असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं. पण पूर्णा स्टेशनच्या तिकीट खिडकीमागं सगळी नोकरी काढलेला माणूस तो. आकडा दिसायची शक्यता असली की त्यांना दम निघत नसे. (दम त्यांना तसाही कमीच होता.) कुरियरवाल्याची गाडी गल्लीच्या बाहेर पडायच्या आत त्यांनी डबी फोडली, सेल घातले आणि आतला चिमटा बोटाला लावला.

चिमटा म्हणजे ऑक्सिमीटर. बोट आत घातलं की रक्तात ऑक्सिजन किती ते दाखवतो. दत्तरावांच्या फुप्फुसांचा आजार जुना. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणत, दत्तराव 'माझा दमा' म्हणत. बिड्यांनी तो दिला. बिड्या सुटल्या, तो राहिला. डॉक्टरांनी त्यांना मागंच सगळं समजावून सांगितलं होतं आणि दत्तरावांनी प्रत्येक वाक्याला मान डोलवली होती. लेकीनं, संघप्रियानंही, फोनवर बजावलं होतं, "बाबा, ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की बसायचं न्हाई, सरळ डॉक्टरकडं जायचं." तिलाही ते "हो हो" म्हणाले होते.

चिमट्यावर दोन आकडे उजळले. वर एक्क्याण्णव, खाली सत्त्याण्णव. शेजारी काही अक्षरं होती, पण मुंगीच्या पायाएवढी. आता यातला ऑक्सिजन कोणता? दत्तरावांनी हिशोबी डोकं चालवलं. बेरीज कुठं येते? खाली. एकूण कुठं लिहितात? खाली. म्हणजे मुख्य आकडा खालचा. (खालचा आकडा जास्त चांगला होता, याचा या निर्णयाशी काहीएक संबंध नव्हता, असं ते अजून छातीवर हात ठेवून सांगतात.)

"सत्त्याण्णव!" ते ओरडले. "अगं ए, सत्त्याण्णव! माझी फुप्फुसं पोराच्या वरताण हायत."

मालनबाई चुलीवर भाकरी टाकत होत्या. "मग तो पोळपाट वरून काढून द्या. परवा म्हणला होता, हात वर केला की दम लागायलाय."

"ते ऱ्हाऊ दे. तुझं बोट आण."

"पिठाचं हाय."

"पिठाचं चालतंय."

मालनबाईंनी बोट पुढं केलं आणि दुसऱ्या हातानं भाकरी उलटली. वर अठ्ठ्याण्णव उगवलं. दत्तरावांनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. खाली होतं एकसष्ट.

त्यांनी चिमटा काढला, झटकला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला. साठ.

करोनाच्या त्या उन्हाळ्यात दत्तरावांचा नोकरीतला सोबती रंगनाथ असाच खुर्चीत बसून चहा पीत होता. गप्पा मारत होता, हसत होता. "मला काय झालंय?" म्हणाला. बोटाला यंत्र लावलं तर सत्तर. दवाखान्याच्या गाडीत बसताना त्यानं हात हलवला होता आणि परत आला नव्हता. तो हात दत्तरावांना अजून दिसायचा. तेव्हा सगळे सांगत, की हा आजार असाच असतो, माणसाला कळतसुद्धा नाही. बोलता बोलता जातो.

"काय झालं ओ?" मालनबाई म्हणाल्या. "तोंड का असं केलाव?"

"काई न्हाई. तुला... बरं वाटायलंय ना?"

"मला काय झालंय?"

तेच शब्द. दत्तरावांनी बाहेर जाऊन संघप्रियाला फोन लावला. ती शाळेत शिकवत असणार. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा लावायचं त्यांचं धाडस झालं नाही. 'तुझ्या आईचा ऑक्सिजन साठ आहे' हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की ते खरं होणार, असं त्यांना वाटलं.

बायकोला सांगायचं तर नाहीच. धसक्यानंच आकडा आणखी उतरायचा. ते आत आले आणि शक्य तितक्या सहजपणे म्हणाले, "मी म्हणतो, जरा पालथी झोप."

मालनबाईंनी तव्यावरून नजर उचलली. "काय?"

"पालथी. पोटावर. फुप्फुसाला बरं असतंय."

"चुलीवर तवा हाय, बाहेर नळ आलाय, आन मी पालथी झोपू? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" त्यांनी तवा उतरवला, घागर घेतली आणि दाराकडं निघाल्या.

साठ ऑक्सिजनवर घागर! दत्तराव आडवे आले. त्यांनी घागर अक्षरशः हिसकावली. "आजपासून पाणी मी आणणार."

मालनबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. लग्न झाल्यापासून या माणसानं पाणी पिण्यापलीकडं पाण्याशी संबंध ठेवला नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी नळ. पहिली घागर आणताना दत्तरावांच्या छातीत शिट्टी वाजू लागली. दुसरीला ती शिट्टी इंजिनासारखी झाली. तिसरीला रांगेतली कमलबाई म्हणाली, "दादा, बसा जरा, चेहरा काळानिळा पडलाय." दत्तरावांना बोलायचं होतं, पण शब्दांना पुरेल एवढी हवा आत येत नव्हती. त्यांनी नुसता हात हलवला. (तो हात कुणासारखा हलला, हे त्यांच्या ध्यानात आलं.)

घरी येऊन त्यांनी ओसरीवर घागर टेकवली, भिंतीला धरलं आणि चिमटा बोटाला लावला. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. खालचा आकडा मात्र ठसठशीत दिसला. एकशे अठरा.

दत्तरावांचे डोळे भरून आले. शंभराच्या वर! चला, घरात एक तरी माणूस धडधाकट आहे. आता सगळं आपल्यालाच करायचंय. तिला दवाखान्यात न्यायचं, तिच्या उशाशी बसायचं, लेकीला कळवायचं. ती नसली तर या घरात मीठ कुठल्या डब्यात आहे हेसुद्धा आपल्याला माहीत नाही, असा विचार मनात आला आणि त्यांना हुंदका फुटला. हुंदक्यालाही हवा लागते. ती नव्हती. दत्तराव भिंतीवरून घसरत खाली बसले.

"अगं बाई!" मालनबाई धावल्या. त्यांनी नवऱ्याचे निळे पडलेले ओठ पाहिले, गळ्याखाली आत ओढली जाणारी कातडी पाहिली, आणि दारातूनच ओरडल्या, "गोपाळ! रिक्षा काढ! काका बघ कसे करायलेत!"

गोपाळ शेजारचाच. त्यानं दत्तरावांना जवळजवळ उचलूनच रिक्षात बसवलं. दत्तराव त्याचा सदरा ओढत म्हणत होते, "मला न्हाई... हिला... हिला..."

"काय म्हणायलेत काका?"

"भ्रमात हायत," मालनबाई म्हणाल्या. "तू चालव."

रिक्षा रेल्वे फाटकात अडकली. मालगाडी संपता संपेना. आयुष्यभर ज्या रेल्वेची तिकिटं विकली, तीच आपल्या बायकोचा जीव घेणार, असं दत्तरावांना वाटत होतं. त्यांनी तिचा हात घट्ट धरला. मालनबाईंनीही त्यांचा. दोघंही एकमेकांकडं असं बघत होते, जणू समोरचं माणूस आत्ता जाणार.

दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, "पेशंट कोण?"

"ही," दत्तराव म्हणाले.

"हे," मालनबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दत्तरावांकडं एकदा पाहिलं आणि काही न विचारता त्यांना खाटेवर बसवलं. बोटाला यंत्र लावलं, तोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क चढवला. वाफ संपल्यावर नाकात ऑक्सिजनची नळी आली. दत्तरावांनी ती उपसली आणि बायकोच्या नाकाकडं नेली.

"दत्तराव! काय करताय?"

"डॉक्टर... तिला द्या... मला एकशे अठरा हाय... तिचा साठच..."

मालनबाई मटकन खाली बसल्या. "माझा साठ?"

आता त्यांचाही रंग उडाला. डॉक्टरांनी नळी पुन्हा जागेवर लावली, दत्तरावांना दटावून गप्प केलं आणि मालनबाईंच्या बोटाला यंत्र लावलं. मग ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"वरचा आकडा अठ्ठ्याण्णव. तो ऑक्सिजन. खालचा आता सत्तर आहे, घाबरल्यात म्हणून. ती नाडी. मिनिटाला किती ठोके पडतात ते. काकूंचं सगळं उत्तम आहे."

"आन ह्यांचं?"

"आले तेव्हा वर एकोणऐंशी होतं. दत्तराव, तुमचं एकशे अठरा म्हणजे बिचारं हृदय बोंबलत होतं, की हवा पुरेना. थोडा वेळ आणखी लोटला असता तर अवघड होतं."

दत्तराव नळीतून श्वास घेत पडून राहिले. भीती अंगातून लगेच निघत नाही. पण बायको बरी आहे, एवढं त्यांना कळलं होतं. हळूहळू वरचा आकडा चढत नव्वदवर आला. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन थोडा कमी केला.

"डॉक्टर, शंभर करा की," दत्तराव क्षीण आवाजात म्हणाले. "कमी कशाला करायलाव?"

"तुम्हाला शंभर नको. तुमच्यासारख्या फुप्फुसांना अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव ठीक. जास्त ऑक्सिजन दिला तर आतला खराब वायू साठतो, माणूस गुंगीत जातो. हे मी मागंच सांगितलं होतं आणि तुम्ही मान डोलवली होती."

दत्तरावांनी सवयीनं मान डोलवली.

मालनबाईंनी पदरानं डोळे पुसले. त्यांना आता पालथं झोपवणं, घागर, हुंदका, सगळं उमगलं होतं. "माझ्यासाठी तीन घागरी आणल्यात ओ तुमी," त्या हळूच म्हणाल्या. दत्तरावांना खाटेवरच जरा उंच झाल्यासारखं वाटलं.

डॉक्टर मालनबाईंकडं वळले. "काकू, नुसत्या आकड्यावर विसंबू नका. माणसाकडं बघा. ओठ निळे पडले, आणि एक वाक्यसुद्धा सलग बोलता येईना, की लगेच घेऊन या. आज घरी तसं काही दिसलं नाही का?"

"दिसलं की," मालनबाई म्हणाल्या. "घागर घेऊन आले ते तोंडातून शब्द न्हाई. पण डॉक्टर, खरं सांगू का? हे घरातलं काम करायलेत आन वर गप्प बी हायत, असं बघून मला वाटलं, औषधाचा गुण आला."