उकंडरावांना गूळ गोड लागेना

गोजराबाईंनी नवऱ्याच्या हाती खोकल्याचा म्हणून जो काढा दिला, तो मुळी खोकल्याचा नव्हताच. तो होता गुडमारच्या पाल्याचा. लढाईमुळे मालेगावच्या बाजारात साखर मिळेनाशी झाली होती, पण उकंडरावांच्या घरचा गूळ काही संपत नव्हता. रोज पावशेर तरी पोटात जाई. देह असा सुटला होता की परवा बैलगाडीत चढताना त्यांना भोवळ आली.

"गोड सुटलं नाई तं पाटील पुढचा अखाजीचा सण पाह्यत नाई," वैदूनं स्पष्टच सांगितलं आणि हा पाला दिला. काढा तोंडात घोळवला की घटकाभर गोडाची चवच कळत नाही म्हणे. गोजराबाईंच्या कुंकवाचा प्रश्न होता.

"अवो, घोटघोट घोयवा. घशाले बरं वाटते."

उकंडराव काढा संपवून परसात गेले आणि तिथूनच किंचाळले,

"गोजरे, साप! पायाले चावला!"

सारी आळी जमली. सापाचं औषध देणारा शेजारचा जगदेव धावत आला. विष चढलं की जिभेची चव जाते, ही त्याची जुनी पारख. त्यानं गुळाचा खडा पाटलांच्या तोंडात कोंबला.

"गोड लागते का?"

"कायचं गोड? माती! निव्वळ माती लागते!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. गोजराबाई मटकन खाली बसल्या. त्या धक्क्यात काढ्याचं त्यांना भानच राहिलं नाही.

"जहर चढलं! झोपू देऊ नका, चालवा त्याइले!" जगदेव ओरडला.

दोघांनी बखोट धरलं आणि मारोतीच्या देवळाभोवती पाटलांची वरात निघाली. ज्यांना विहिरीपर्यंत जायचा कंटाळा, ते धोतर सावरत फेऱ्या घालू लागले. चौथ्या फेरीला ते कोसळले. गोजराबाईंनी रडतरडत त्यांचा पाय मांडीवर घेतला, तर टाचेत बोटभर बाभळीचा काटा! तेव्हा कुठे त्यांना काढा आठवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अवो, ऐका तं..."

"थांब!" उकंडरावांनी मारोतीला हात जोडले. "देवा, वाचलो तं जल्मात गोडाले शिवणार नाई! सारं गाव साक्षीले हाये!"

गोजराबाईंनी काटा हळूच उपटून पदरात बांधला.

"जगदेवभाऊ, अजून धा चकरा होऊ द्या."

दहा फेऱ्या होईतो ऊन चांगलंच वर आलं. जगदेवनं पुन्हा गुळाचा खडा भरवला. उकंडरावांचा चेहरा एकदम उजळला.

"गोजरे, गोड लागून राह्यला वं! लय गोड!"

"लागला ना?" गोजराबाईंनी त्यांच्या तोंडापुढे ओंजळ धरली. "थुका मंग."