नळराजांच्या गाडीखालचं लाल डबकं

सोमवारी सकाळी दहा वाजता नव्या इस्पितळात हजर व्हायचं होतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी नळराजांच्या पिकअपखाली बशीएवढं लाल डबकं दिसलं. ते आधी बायकोला दिसलं. नळराजांनी पाहिलं आणि शेजाऱ्याच्या मोटारीचं असणार, असं जाहीर करून टाकलं. शेजाऱ्याकडे मोटार नव्हती.

नळराजे शहरातले नामांकित प्लंबर. तिसऱ्या मजल्यावरची गळती ते खाली जिन्यात उभे राहून नुसत्या वासावरून ओळखतात, असं लोक म्हणत. म्हणजे लोक असं म्हणतात, असं नळराजे सांगत. इस्पितळातल्या दोनशे नळांची देखभाल सोमवारी त्यांच्या पदरात पडायची होती. ते एक काम मिळालं की उरलेलं आयुष्य लोकांच्या मोऱ्यांत वाकण्यात घालवायला नको. गुडघे हल्ली त्यांच्या आधी बोलू लागले होते.

शनिवारी स्टिअरिंग फिरवताना मांजराची शेपटी चेंगरल्यासारखा आवाज आला आणि मग ते फिरेचना. बायकोने नवऱ्याला न विचारता धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला बोलावलं. हा साडू गॅरेजवाला. त्याने बॉनेट उघडलं, आत बोट फिरवलं, ते फडक्याला पुसलं आणि म्हणाला, "दादा, पॉवर स्टिअरिंगचा पाइप गेलाय. तेल गळतंय. नवा टाकतो, दुपारपर्यंत गाडी मोकळी."

त्याने दुसरा कुठलाही शब्द वापरला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"पाइपातलं तू मला शिकवणार?" नळराजांनी विचारलं.

या पाइपातला दाब घरच्या नळापेक्षा कितीतरी पट असतो, हे साडूने दोनदा सांगून पाहिलं. नळराजांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग दुरुस्ती सुरू झाली. आधी त्यांनी टेफ्लॉनची टेप गुंडाळली. इंजिन सुरू होताच ती सुटून पंख्यात अडकली आणि तिच्या झिरमिळ्या झाल्या. मग पुट्टी थापली. ती गोळीसारखी सुटली आणि शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या सदऱ्याला भोक पाडून गेली. ते भोक इतकं गोल होतं, की शेजाऱ्याला आधी तिथे बटण होतं असंच वाटलं. रविवारी नळराजांनी मूळ पाइपच कापून काढला आणि त्या जागी बाथरूमच्या गरम पाण्याचा प्लास्टिकचा पाइप बसवला. इंजिन चालू केलं. एक थेंब पडेना. त्यांनी ताबडतोब साडूला फोन करून ही वार्ता कळवली, शिवाय त्याच्या धंद्याबद्दल चार शब्द ऐकवले. फोन ठेवल्यावर चार मिनिटांनी थेंब पडला.

आता परत फोन करणं आलं. त्यापेक्षा नळराजांनी रंगाचा रिकामा डबा तारेने गाडीच्या पोटाला बांधला. थोडं चालवायचं, थांबायचं, डब्यातलं तेल परत वर ओतायचं.

"हे गळणं नव्हे, फिरणं आहे," त्यांनी बायकोला समजावलं. "टाकीतलं पाणी मोरीत जातं, त्याला आपण गळती म्हणतो का?"

"आणि मोरीतलं परत टाकीत कोण ओततं?" बायको म्हणाली. तरी सोमवारी मांडीवर मग आणि नरसाळं घेऊन ती शेजारी बसली. चार वेळा थांबून, चार वेळा ओतून, दहाला वीस मिनिटं असताना पिकअप इस्पितळापाशी पोचली.

फाटकातून आत जायला स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवावं लागे, आणि दाब सगळ्यांत जास्त चढतो तो तेव्हाच. नळराजांनी दोन्ही हातांनी जोर लावला. खालून ढेकर दिल्यासारखा आवाज झाला, धूर निघाला आणि गाडी फाटकात आडवी रुतून बसली. नळराजे पाना घेऊन तिच्याखाली सरपटले. त्यांच्या डोक्याचा धक्का तारेला लागला आणि डबा त्यांच्या छातीवर उपडा झाला.

इस्पितळ नवंकोरं होतं. तीन आठवड्यांत एकही अपघात न आल्याने स्ट्रेचरवाल्या दोघांचे हात शिवशिवत होते. गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय, लाल थारोळं आणि कपाळाला हात लावून उभी असलेली बाई एवढं त्यांना पुरलं. त्यांनी पाय धरून नळराजांना बाहेर ओढलं.

"अहो, हे तेल आहे," नळराजे म्हणाले.

"बरळायला लागलाय," एकाने दुसऱ्याला सांगितलं, आणि दोघं धावत सुटले.

डॉक्टरांनी त्यांना पुसून काढलं. जखम काही सापडेना. तेवढ्यात व्यवस्थापक बाई आल्या आणि काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. नळराजांनी क्षणभर विचार केला. गळती थांबवायचं काम मागायला आपण गळकी गाडी घेऊन आलो, हे सांगायचं? त्यांनी डोळे मिटले.

"मार लागलाय," ते क्षीण आवाजात म्हणाले. "आतून."

मग डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, की रोग्याने तीन दिवस हलायचं नाही.

"वाईट झालं," बाई म्हणाल्या. "ते बेसिन तुमच्याकडून दुरुस्त करून बघणार होते आणि लगेच सही करणार होते."

बेसिन पलंगापासून दोन हातांवर होतं. त्याच्या खालच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. काम दोन मिनिटांचं. नळराजांचा हात चादरीखाली पाना शोधू लागला. डॉक्टरांनी तो हात बाहेर काढून नाडी पाहिली आणि ठोके फार वाढलेत म्हणून इंजेक्शन मागवलं.

तेवढ्यात बायको साडूला घेऊन आली. तिनेच त्याला फोन केला होता. अर्ध्या तासात त्याने फाटकातच नवा पाइप टाकला होता, तेल भरलं होतं आणि गाडी कडेला लावली होती. दादांना भेटावं म्हणून तो आत आला, पण त्याची नजर आधी बेसिनखाली गेली. खिशातून त्याने उरलेला रबराचा तुकडा आणि दोन क्लिपा काढल्या, सांध्यावर चढवल्या, आवळल्या आणि हात झटकले.

थेंब थांबला. नळराजे ताडकन उठून बसले.

"असं नाही करत. तो गाडीचा माल आहे. अर्ध्या तासात सुटेल."

सगळे अर्धा तास थांबले. सुटलं नाही. तेवढ्या वेळात आतला मारही बरा झाल्याचं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं.

बाईंनी फाइल साडूपुढे धरली. तो मागे सरला. आपल्याला नळातलं काही कळत नाही, असं त्याने खरं तेच सांगितलं.

"मग हे दोनशे नळ सांभाळणार कोण?"

साडूने पलंगाकडे पाहिलं. "माझ्याकडे एक माणूस आहे, बाई. हात चांगला आहे त्याचा. सही मी करतो, काम तो करील." मग त्याने नळराजांच्या पायावरची चादर नीट केली. "फक्त तुमच्या आवारात गाडी मी आणीन."