पावाचे ट्रे

दाताच्या डॉक्टरांच्या गाडीपुढे पिवळी स्पोर्ट्स कार आडवी उभी होती, तिची किल्ली गिअरकाकांच्या खिशात होती आणि बावीस वर्षं झाडून सगळ्या मोटारींची नाडी पाहणाऱ्या गिअरकाकांना गाडी चालवता येत नव्हती. ही शेवटची गोष्ट इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हती. ती एकट्या काकूंना ठाऊक होती, आणि काकूंना जाऊन आठ महिने झाले होते.

काका मुळात मोटारींच्या मासिकात मुद्रितशोधक. गाड्यांची परीक्षा लिहिणारा माणूस एक दिवस तडकाफडकी नोकरी सोडून गेला. संपादकांनी विचारलं, "तुम्ही लिहाल का?" काका पडले भिडस्त, 'हो' म्हणून बसले. लायसनच्या परीक्षेत आपण तीनदा आपटलो आहोत, हे सांगायचं तेवढं राहून गेलं. घरी येऊन डोक्याला हात लावून बसले, तेव्हा काकू म्हणाल्या, "त्यात एवढं काय? मी चालवते, तुम्ही शेजारी बसून लिहा."

काकूंच्या वडिलांची बेकरी होती. लग्नाआधी त्या रोज पावाची व्हॅन घेऊन दुकानोदुकानी जायच्या. त्यामुळे गाडी कितीही आलिशान असो, काकूंची फूटपट्टी एकच. वळण घेतलं की म्हणायच्या, "अहो, लिहा. मागे पावाचे ट्रे असते तर हललेसुद्धा नसते." नाहीतर, "हिच्यात एक पाव धड पोचायचा नाही." काका लिहून घ्यायचे. मोठमोठ्या कंपन्यांची इंजिनं एकीकडे आणि काकूंचे ट्रे एकीकडे. वाचक त्या ट्रेंवरच जीव टाकायचे. नाव मात्र काकांचं छापून यायचं. कोणी बघू नये म्हणून काकू पहाटे पाचला गाडी फाटकाबाहेर काढायच्या.

त्या गेल्यावर काकांनी आठ महिने कंबर धरल्याची सबब सांगितली. शेवटी नव्या संपादकबाईंचा फोन आला. "काका, यंदाच्या दोन सगळ्यात गाजलेल्या गाड्या पाठवतेय. लाल आणि पिवळी. दोघींत सरस कोण, ते तुम्ही सांगा. या वेळी नाही जमलं तर सदर थांबवूया."

सदर थांबलं तर काकांना उपास घडणार नव्हते. पण त्या सदरात काकू बोलत होत्या. ते बंद झालं की त्यांचं बोलणं दुसऱ्यांदा बंद होणार, ही कल्पनाच काकांना सोसवेना. "पाठवा," ते म्हणाले. पुढचं पुढे बघू, असं भिडस्त माणसं नेहमीच म्हणतात.

मासिकाच्या आडदांड ड्रायव्हरने सकाळी आधी लाल आणून लावली, मग पिवळी. "पाचला न्यायला येतो," म्हणून दोन्ही किल्ल्या काकांच्या हातात दिल्या आणि तो गेला. काका एकटेच उरले. मग डॉक्टर आले.

"काका, पिवळी जरा मागे घ्या ना. तिकडे पेशंट तोंड उघडून बसलाय."

"इंजिन निवतंय," काका म्हणाले. "पंधरा मिनिटं हात लावायचा नाही."

पंधरा मिनिटांनी डॉक्टर पुन्हा हजर. "निवलं?"

"निवलं. पण आता फारच गार झालंय. असल्या गाड्यांना ते बाधतं."

"मग तापवा की!"

काकांनी घाईघाईने किल्लीवरचं बटण दाबलं. किल्ली निघाली लालची. लाल जी कोकलायला लागली, ती दाराखिडक्यांतून सगळी इमारत बाहेर आली. तिला गप्प करायला काकांनी दुसरी किल्ली दाबली, तर पिवळीचं छप्पर सावकाश उचललं गेलं आणि घडी होऊन मागे जाऊन बसलं. नेमकं त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी कुंड्यांना पाणी घातलं. चकचकीत कातडी सीटवर टपटप सुरू झाली. काका छत्री आणायला धावले. छत्री धरायला वॉचमन उभा राहिला, आणि लाल कोकलून कोकलून आपली आपणच दमली.

"काका, पळायला दोघींत कोण?" छत्रीखालून वॉचमनने विचारलं.

आकडे काकांना तोंडपाठ. "शून्य ते शंभर, लाल तीन पूर्णांक एक दशांश सेकंदात. पिवळी तीन पूर्णांक तीन दशांश."

"आणि दिसायला?"

"लाल येताना बघावी, पिवळी जाताना."

"मग एकदा दाखवा की पळवून!"

जमलेल्या सगळ्यांनी तेच लावून धरलं. शून्यावरून शंभरावर तीन सेकंदांत जाणाऱ्या त्या दोघी दीड तास शून्यावरच उभ्या होत्या. काकांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. खोटं बोलायचीही एक ताकद लागते, ती संपली होती.

"मला गाडी चालवता येत नाही," ते म्हणाले.

डॉक्टर पोट धरून हसायला लागले. "ऐका! उद्या मी म्हणेन, मला दात काढता येत नाहीत! काका, ओरखडा पडेल म्हणून भिताय, असं सरळ सांगा ना." हसत हसतच ते वॉचमनच्या सायकलवर मागे बसले, औषधांची बॅग मांडीवर घेतली आणि त्या दोन राण्यांच्या मधून वॉचमन त्यांना पेशंटकडे दामटत घेऊन गेला. पांगापांग झाली. बावीस वर्षांनी काका पहिल्यांदा खरं बोलले होते, आणि ते कोणीच मनावर घेतलं नव्हतं.

दुपारी ते वही घेऊन आधी लालमध्ये बसले, मग पिवळीत. सवयीने शेजारच्याच सीटवर. लालमध्ये दोन सीटच्या मध्ये एवढा मोठा उंचवटा होता की पलीकडचं माणूस परगावी असल्यासारखं वाटावं. पिवळीत कोपराला कोपर लागलं असतं. काकांनी ते लिहिलं आणि थांबले. पुढचं सांगायला शेजारी कोणी नव्हतं. ड्रायव्हरने आपल्या अंगापिंडाप्रमाणे मागे सारलेली स्टिअरिंगपुढची सीट त्यांना अगदी परकी वाटत होती. त्यांनी बटण दाबून ती पुढे घेतली, पार स्टिअरिंगला चिकटेपर्यंत, काकूंना लागायची तेवढी. मग जरा बरं वाटलं, आणि मग फारच वाईट वाटलं. छप्पर उघडंच होतं, पण काका रडले.

पाचला ड्रायव्हर आला. "किती चालवलीत, काका?"

"शंभरेक किलोमीटर."

ड्रायव्हरने मीटर बघितला. मग सीट बघितली. "काकूंचं कळलं," तो म्हणाला. "यायला जमलं नाही. राग मानू नका."

"तू कधी बघितलंस तिला?"

"बघितलं कधीच नाही. पण पहिल्या गाडीपासून ओळखतो. तुम्ही सहा फूट, आणि परत न्यायला यावं तर सीट ही अशी. आत शिरताना दर वेळी माझे गुडघे सोलून निघायचे."

काकांनी वही मिटली. "ऑफिसात सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? सगळ्यांनाच माहितीय. जुने साहेब म्हणायचे, विषय काढू नका, काका भिडस्त आहेत. लाजून लिहायचं सोडतील, आणि आपले ट्रे जातील."

काका हसायला गेले, पण ते हसू धड आलं नाही. "अरे, एकदा तरी बोलायचं होतंत. तिचं नाव छापलं असतं रे मी. बिचारी बावीस वर्षं चोरासारखी पहाटे उठत होती."

ड्रायव्हरने बाहीने पिवळीची काच उगाचच पुसली. मग त्याने विचारलं, "मग, कोण जिंकलं?"

"पिवळी," काका म्हणाले. "पण ट्रेंचं कळलं नाही. ते लिहायचं राहिलंय."

ड्रायव्हरने मान डोलावली आणि आपलं अवाढव्य शरीर कसंबसं पिवळीत कोंबलं. गुडघे पार हनुवटीला टेकले.

"अरे, सीट मागे घे ना."

"राहू दे. कोपऱ्यापर्यंत जातो असाच. तुम्ही फाटकापाशी उभे राहा आणि नीट बघा."

पिवळी फाटकाबाहेर पडली. मागून एक सायकल आली आणि तिला ओलांडून पुढे गेली. तिच्यावरून संध्याकाळच्या पेशंटांकडे निघालेले डॉक्टर वळून वळून बघत होते. काकांनी वही उघडली. कोपऱ्यावर गाडी इतकी जपून वळली, की मागे पावाचे ट्रे असते तर हललेसुद्धा नसते.