हकीकत सीमोल्लंघनाची व पुढील चाकाच्या नटाची

॥ श्रीगजानन समर्थ ॥

ज्या देवाने वाहनास उंदीर पसंत केला, म्हणोन ज्यास ना चेन, ना ब्रेक, ना एक्सलचा नट, आणि या कारणे ज्याची झोप कधी मोडली नाही, त्या देवास आधी नमन करून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसूनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, सौम्यवासर, ते दिवशी राज्यात काय घडले आणि दुसरे दिवशी विजयादशमीस काय प्रसंग गुजरला, तो यथामती मांडिला आहे. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. राज्य लहान, चौथ्या मजल्यावर तीन दालनांचे, आणि खाली तळघरात पागा. पागेत एक थोरली फटफटी, डोंगरदऱ्या तुडविणारी, उंच आणि दांडगी. तिच्यावर स्वार होणार राणीसाहेब शर्वरीबाई, आणि तिची निगा राखणार त्यांचे यजमान राजश्री हेरंबराव. लोकांस हे उफराटे वाटे. परंतु राज्यात व्यवस्था अशीच होती आणि कोणाची तक्रार नव्हती. शर्वरीबाई निधड्या छातीच्या. चिखल म्हणू नये, घाट म्हणू नये, गाडी हाणीत जावे आणि हसत माघारी यावे. हेरंबराव मात्र स्वभावे भित्रे, हे दडवून उपयोग नाही, सर्व दरबार जाणत होता. स्वतः चालविणे म्हणाल तर पेठेतून भाजी आणावी इतपत, तेही जुन्या स्कूटरवर, रस्त्याच्या कडेकडेने. परंतु हातात कला मोठी. फटफटी बाहेरच्या कारागिराकडे देणे नाही, सर्व काम घरीच, पागेत चटई अंथरून स्वहस्ते करावे. आणि मग राणीसाहेब स्वारीस निघाल्या की यांस धास्ती वाटे. ती धास्ती निवावी म्हणोन काही ना काही फटफटीस जोडीत जावे. पडतील ऐसे भय वाटले, तेव्हा फटफटीच्या अंगास लोखंडी कमानी बसविल्या. खालून दगड लागेल ऐसे वाटले, तेव्हा पोटाखाली जाड पत्रा लाविला. हातांस फांद्या ओरबाडतील म्हणोन हँडलास ढाली चढविल्या, धुक्यात वाट चुकतील म्हणोन पिवळे दिवे जोडिले, आणि मागे दोन पेट्या, एकीत पंक्चरचे सामान, दुसरीत औषधे व पट्ट्या. ज्या ज्या गोष्टीचे भय वाटले, ती ती गोष्ट लोखंड होऊन फटफटीस बसली. राणीसाहेब थट्टा करीत की, "अहो, आणखी एक पत्रा लाविलात तर हिला रणगाडा म्हणावे लागेल. मग मी घाटात जाऊ की लढाईस जाऊ?" आणि हेरंबराव ओशाळून हसत आणि पुढच्या पत्र्याचे माप घेत.

तो नवमीचे दिवशी राणीसाहेब चाकरीनिमित्त बाहेर होत्या आणि हेरंबरावांनी पुढील चाक उतरविले. जुना टायर झिजला होता, नवा खडबडीत दातांचा आणिला होता, तो चढविला, चाक जागी लाविले, एक्सल आत सारिला आणि नट बोटांनी फिरवून ठेविला. हेरंबरावांची एक रीत होती. शेवटचे कसणे लगेच करावयाचे नाही. हात धुवावे, चहा घ्यावा, डोळे निवू द्यावे, आणि मग मापाचा पाना घेऊन एकेक नट असा कसावा की पाना आपणच टक् ऐसे वाजून पुरे म्हणेल. दमलेल्या हाताने कसलेला नट दगा देतो, ऐसे त्यांचे मत होते. तैसे ते चहास वर गेले, तो त्यांच्या मातोश्री सुमतीबाई आऊसाहेब न्हाऊन, पाट मांडून, हळदीकुंकवाचे तबक घेऊन सिद्ध. बोलिल्या, "हेरंबा, आज खंडेनवमी. तुझी हत्यारे आण पाहू. पाने, पकडी, सगळे. आणि एकदा पूजेत मांडिले की उद्या उत्थापन होईतो हात लावायचा नाही, ठाऊक आहे ना?" आता येथे हेरंबरावांनी म्हणावे की आऊ, एक नट कसून येतो, घटकाभर थांब. परंतु आऊसाहेब निरांजन लावून बसल्या होत्या, आणि आऊसाहेबांस थांब म्हणणे हे त्या राज्यात आजवर कोणी केले नव्हते. हेरंबराव पन्नाशीस आले तरी आईपुढे त्यांची जीभ टाळूस चिकटे. सगळी हत्यारे आणोन पाटावर मांडिली, मापाच्या पान्यास हळदीकुंकू लागले, झेंडूचे फूल वाहिले, आरती जाहली. आणि हेरंबरावांचे चित्त मात्र खाली पागेत, त्या ढिल्या नटापाशी.

मग त्यांनी एक तजवीज केली. पागेत उतरून तेल पुसायचे तांबडे फडके फटफटीच्या हँडलास करकचून बांधिले. तांबडे फडके बांधिले म्हणजे काम अपुरे आहे, कोणी स्वार होऊ नये, ही खूण उभयतांत पूर्वापार चालत आली होती आणि राणीसाहेब ती पाळीत. सायंकाळी राणीसाहेब आल्या, तेव्हा तोंडी सांगावे ऐसे हेरंबरावांच्या मनात दोन वेळा आले. एकदा जेवताना तोंड उघडिले आणि भाताचा घास घेऊन मिटिले. कारण की, सांगावे तर हसतील. म्हणतील, अहो, नट बोटांनी फिरविला आहे ना, मग पळून का जाणार आहे? आधीच दरबारात नाव भित्रा म्हणोन गाजलेले, त्यात सणाचे दिवशी नवी थट्टा कशास? खूण बांधिली आहे, तेवढी पुरे. पहाटे त्यांच्या आधी उठावे, उत्थापन करवून घ्यावे, पाना घ्यावा, नट कसावा, की झाले. ऐसा बेत करून निजले. परंतु झोप कसली येते. रात्रभर कूस बदलीत राहिले आणि पहाटे पहाटे, ज्या वेळी उठावयाचे नेमके त्याच वेळी, डोळा लागला.

इकडे काय जाहले, की राणीसाहेबांचा दरसालचा नेम, दसऱ्याचे पहाटे घाट चढून जिल्ह्याची हद्द ओलांडायची, सीमोल्लंघन करायचे, आणि श्रीखंड-पुरीच्या पानास घरी हजर व्हायचे. त्या तयार होऊन पागेत उतरल्या. पाहतात तो फटफटी सजली आहे. हँडलास झेंडूचा भरघोस हार, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. तांबडे फडके कोठेही नाही. त्या संतोष पावल्या की, वा, काम पुरे करून पूजाही उरकिली, यजमान मोठे तत्पर. आणि किल्ली फिरविली, लिंबू चिरडिले, निघाल्या.

हेरंबराव जागे जाहले तो शेजारी अंथरूण रिकामे. तसेच अनवाणी जिना उतरोन पागेत आले. पागा मोकळी. जमिनीवर फुटके लिंबू आणि झेंडूच्या चार पाकळ्या. देवडीवरील पहारेकरी खंडूजी आनंदाने म्हणाला, "बाईसाहेब गेल्या की मघाच! नारळ म्या फोडला. काय ऐटीत गेल्या, सायेब!" हेरंबराव तेथूनच फिरले. फडके काय जाहले, फडके कोठे गेले, ऐसे बडबडत वर आले, तो आऊसाहेब देवापुढे वाती वळीत बसल्या होत्या. "कोणते रे, ते हँडलाचे? ते मीच काढिले काल संध्याकाळी, हार बांधायला गेले तेव्हा. तेलकट, मळकट फडके, पूजेच्या वाहनाला शोभते का?" आणि मग लेकाच्या तोंडाकडे पाहून त्यांचा हात थांबला. "काय रे? का असा पांढरा पडलास? बोल की!" हेरंबराव एवढेच बोलिले, "आऊ, पुढचे चाक कसलेले नाही." आऊसाहेबांस यंत्रातले काही कळत नव्हते, परंतु चाक म्हणजे काय ते कळत होते. हातातली वात गळोन पडली. फोन लाविला. तो वाजत राहिला, कारण की राणीसाहेबांच्या डोक्यास हेल्मेट आणि फोन पेटीत. पुन्हा लाविला, पुन्हा वाजला. तेव्हा आऊसाहेब गुडघे धरून उठल्या आणि उत्थापन नाही, अक्षत नाही, काही नाही, आपल्या हाताने पूजेतून मापाचा पाना उचलोन लेकाच्या हाती दिला. म्हणाल्या, "देवाला काय सांगायचे ते मी सांगते. तू आधी नीघ. मी मेलीने फडके काढिले रे!"

मग हेरंबराव त्या जुन्या स्कूटरवर बसोन निघाले, जे उभ्या जन्मात घाट चढले नव्हते. पाना खांद्याच्या पिशवीत, आणि ओठांवर देवाचे नाव, तेही धड येईना. मनात एकच हिशेब. नट सरळ रस्त्यावर टिकेल. वळणावर चाक वाकडे होते, एक्सल हलतो, नट एक आटा सुटतो. पुढच्या वळणावर आणखी एक. आणि घाटात काय वळणांची वाण आहे? ज्या लोखंडाने त्यांनी फटफटी मढविली होती, ते सर्व आठवले आणि त्या सर्वांचा काहीएक उपयोग नाही हेही आठवले. कमान, पत्रा, ढाली, सर्व पडल्यानंतरचे. पुढचे चाक निखळले तर पडणे कोठे, रस्त्यावर की दरीत, हे कोण सांगणार? घाटास लागले आणि प्रत्येक वळणापूर्वी त्यांस वाटे की आता दिसेल, आता या वळणापलीकडे दिसेल. आणि वळण संपे, रस्ता रिकामा असे, आणि सुटकेचा श्वास घ्यावा तो पुढले वळण येई. निम्म्या घाटात माणसांचा घोळका दिसला. रस्त्याच्या कडेला गर्दी, सगळे खाली वाकून काही पाहताहेत.  हेरंबरावांनी स्कूटर कशीबशी थांबविली. जवळ जाऊन पाहतात तो ट्रकवाले आपल्या ट्रकाची पूजा करीत होते. एकाने पुढे होऊन पेढा दिला. "घ्या काका, दसऱ्याचा." हेरंबरावांनी पेढा मुठीत धरून विचारिले, "एक बाई गेल्या का, मोठ्या फटफटीवर?" ट्रकवाला खूश होऊन म्हणाला, "गेल्या की! काय चालवत्यात बाई! आमच्या वस्तादाला वळणावर मागं टाकलं त्यांनी, एकदम झकास!" ही तारीफ ऐकून हेरंबरावांच्या डोळ्यांस पाणी आले. पेढा मुठीत चुरला तो तसाच.

हद्दीच्या दगडापाशी टपरी होती, तेथे राणीसाहेब जाकीट काढून भजी खात होत्या. हेरंबरावांस पाहोन त्यांस परम आश्चर्य वाटले. हसू लागल्या की, "अहो, तुम्ही? घाट चढून आलात? स्कूटरवर? आज सूर्य कोणीकडे उगवला?"  हेरंबराव तसेच फटफटीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसले आणि नटाकडे बोट दाखविले. राणीसाहेब वाकल्या आणि थट्टेनेच त्यांनी नटास बोट लाविले. नट फिरला. आणखी फिरला. आणि आपसूक सुटोन त्यांच्या तळहातावर आला.

त्या समयी राणीसाहेब हसावयाच्या थांबल्या. हातातल्या नटाकडे पाहत राहिल्या. मग हळूच हद्दीच्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "मघाशी एका वळणावर मी ट्रकाला मागे टाकिले. डाव्या अंगाला कठडा नव्हता." हेरंबरावांनी मग सर्व सांगितले, पूजेचे, फडक्याचे, आणि काल जेवताना मिटलेल्या तोंडाचेही. "का नाही सांगितले?" "हसाल म्हणोन."  राणीसाहेब बोलिल्या ते ऐसे की, "अहो, तुम्ही भीत होता, म्हणून तर मी हसत होते. घरी एक माणूस माझ्या वाटचे सगळे भिऊन ठेवतो, मला भिण्याचे कारणच नाही, असे मी धरून चालले होते. आणि नेमके ज्याला भ्यायचे, तेच तुम्ही पोटात ठेवलेत?"  एक्सल पुन्हा जागी सारून हेरंबरावांनी नट लाविला आणि पाना धरिला. पाना नटावर बसेना. शेवटी राणीसाहेबांनी त्यांच्या हातांवर आपले हात ठेविले, तेव्हा दोघांनी मिळोन तो कसला. टक् ऐसे वाजले.

"आणखी काय राहिले आहे?" राणीसाहेबांनी विचारिले. "काही नाही," हेरंबराव बोलिले. "नक्की?" आणि हेरंबरावांच्याने नक्की म्हणवेना. तेव्हा टपरीवाल्याची भजी थंड होईतो दोघेजण रस्त्याच्या कडेस फटफटीचा एकेक नट हाताने चाचपीत बसले. सगळे जागच्या जागी होते. तरी राणीसाहेबांनी हेल्मेट घातले, पाय उचलिला आणि पुन्हा खाली ठेविला. किल्ली यजमानांच्या हाती दिली. "तुम्ही चालवा. मला आज जमणार नाही." स्कूटर टपरीवाल्याच्या हवाली करून, जन्मात कधी न घडलेली गोष्ट, हेरंबराव त्या थोरल्या फटफटीवर घाट उतरले, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, प्रत्येक वळणास थांबत थांबत. मागून ट्रकवाले भोंगे वाजवून पुढे गेले. मागे राणीसाहेब, आणि त्यांची बोटे हेरंबरावांच्या खांद्यांत रुतलेली. ती बोटे थरथरत होती, हे हेरंबरावांस सदऱ्यातून कळत होते, आणि राणीसाहेब आजवर कधी थरथरल्या नव्हत्या.

हकीकत इतकीच. चाक शाबूत राहिले, उभयता सुखरूप डेरेदाखल जाहले, आऊसाहेबांनी दारातच सुनेस पोटाशी धरिले. पुढे राणीसाहेब पुन्हा स्वारीस जाऊ लागल्या. परंतु निघण्यापूर्वी आता पागेत स्वतः पाना घेऊन बसतात आणि हेरंबराव शेजारी दिवा धरितात, आणि नट कसलेला दिसला तरी त्यावर पुन्हा एकवार पाना ठेवितात. घाटात पूर्वीसारख्या हाणीत नाहीत. राज्यात कोणी म्हणतात, बरे झाले, शहाणपण आले.  भय आजवर एकाचे होते ते आता दोघांचे जाहले, म्हणजे निम्मे निम्मे जाहले, ऐसे कोणी समजेल तर त्याने हेरंबरावांस विचारावे. ते पूर्वी होते तेवढेच त्यांच्यापाशी आहे, आणि आता तेवढेच शर्वरीबाईंपाशीही आहे, आणि ते आपण दिले, हे हेरंबरावांस ठाऊक आहे.