सासऱ्यांचा ताप, जुना की नवा

चष्म्याची एक डबी, जिचं झाकण नीट बसत नव्हतं. टिपकागदावर वाळलेले रक्ताचे दोन थेंब, एक गेल्या महिन्यातला, एक परवाचा. जावयासमोर ठेवलेला बिनसाखरेचा चहा.

साखर सासूबाईंनी मुद्दामच घातली नव्हती. मलेरियाच्या नव्या औषधाची चाचणी जावयाच्या प्रयोगशाळेकडे होती, आणि "डोळे झाकून घ्या" म्हणत त्यानेच मलेरिया झालेल्या सासऱ्यांना त्या चाचणीत ओढलं होतं. ताप उतरला. महिन्याने पुन्हा चढला, पलंग हलवत.

"तुमचं औषध कुचकामी," सासूबाई म्हणाल्या.

"आई, नवा डास चावला असेल. सिद्ध करून दाखवतो."

"डासाला विचारून?"

"जंतूला विचारून. त्याच्या जनुकांत काही तुकडे पुन्हा पुन्हा येतात. एका जंतूत सात वेळा, दुसऱ्यात अकरा वेळा. त्यांना मार्कर म्हणतात. दोन्ही थेंबांत आकडे वेगळे आले तर जंतू नवा, औषध निर्दोष. सारखे आले तर जुनाच उरला होता."

"एकच गोष्ट अकरा वेळा? तुमच्याच वळणावर गेलाय म्हणायचा."

बायको हसली नाही. औषध हरलं तर नवऱ्याची सगळी मेहनत पाण्यात, आणि माहेरी हा चहा कायमचा असाच.

निकाल आला. आकडे तंतोतंत सारखे. जावयाने रसायनं बदलली, यंत्र पुसलं. यंत्र ढिम्म. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून सासऱ्यांचं बोट पुन्हा टोचलं. तेच आकडे.

संध्याकाळी तो पडेल चेहऱ्याने सासरी आला. "आई, औषध हरलं."

बायकोने सहज विचारलं, "बाबा, गोळ्या तिन्ही दिवस घेतल्या होत्या ना?"

"पहिल्या दिवशी दवाखान्यात घेतल्या. ताप गेला. मग उरलेल्या कशाला वाया घालवायच्या?" सासऱ्यांनी उशाखालून चष्म्याची फुगलेली डबी काढली. "जपून ठेवल्यात. कुणा पाहुण्याला लागल्या तर."

जावयाच्या जिवात जीव आला. औषध वाचलं होतं. "पण बाबा, सगळ्या संपवायच्या, असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगत होते काहीतरी. ऐकू आलं नाही."

"का?" साखरेचा चमचा जावयाच्या कपावर धरून सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टर गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होते, तेव्हा जावई सासऱ्यांच्या कानाशी बसून मार्कर म्हणजे काय ते समजावत होता.